जागच्या जागी : खेळण्यातील विटांविषयी

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा पाठ)



निवृत्तीनंतर क्वार्टर सोडण्याची वेळ भिलाईतील अनेक घरांवर येते. बांधाबांध सुरू झाली की पोटमाळ्यावरून एक जुना खोका खाली उतरतो. त्यात मुलांच्या लहानपणीच्या प्लास्टिकच्या विटा असतात. सोबत मेकॅनिक्सच्या काही पट्ट्या, गंजलेले नट-बोल्ट आणि एखादे एकटे चाक. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी गेलेली असतात. खोका भंगारात द्यावा, कुणाला देऊन टाकावा की जपावा, हा प्रश्न दिसायला लहान. परंतु त्यावर चटकन निर्णय होत नाही. आजचा विषय हा खोका आहे, आणि प्रौढ वयात अशा विटा हौसेने निवडणारी, लावून ठेवणारी व त्यांतून नवे काही घडवणारी माणसेही.

या विटांचा इतिहास डेन्मार्कमधील बिलुंड या गावी सुरू होतो. ओले कर्क क्रिस्टियन्सन या सुताराने १९३२ साली तेथे लाकडी खेळणी करण्यास प्रारंभ केला. १९३४ साली त्याने आपल्या उद्योगास ‘लेगो’ हे नाव दिले. ‘छान खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून ते घडले आहे. १९४९ साली प्लास्टिकच्या विटा आल्या. त्यांची मूळ कल्पना हिलरी पेज या इंग्रज गृहस्थाच्या विटांवरून घेतलेली होती. मात्र त्या विटा एकमेकींना घट्ट धरून राहत नसत. हा दोष दूर झाला तो ओलेचा मुलगा गॉटफ्रेड याच्या हातून. विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसवण्याची युक्ती त्याने काढली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. वरच्या खुंट्या आणि आतल्या नळ्या यांची पकड अशी जमली की विटा घट्ट बसतात, तरीही लहान मुलाच्या हातांनी सुटतात. त्यानंतर एका वर्षाने, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या पोलाद कारखान्याचे आणि त्या विटेचे वय जवळजवळ सारखे आहे.

लोखंडाच्या गावाला प्रमाण मापाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. रुळाची जाडी हातभर चुकली काय आणि केसभर चुकली काय, गाडीच्या दृष्टीने ती चूकच. खेळण्यातील विटेतही दोन खुंट्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि चपट्या पाटीची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन पाट्या मिळून बरोबर एक वीट. हे माप बदललेले नाही, म्हणूनच १९५८ सालची वीट आजच्या विटेवर बसते. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञांनी मोजून दाखवले आहे. तेव्हा पोटमाळ्यावरचा खोका ही केवळ आठवण ठरत नाही. ते वापरण्याजोगे साहित्य आहे.

मात्र ढिगातले साहित्य हाती लागत नाही. येथे प्रौढ हौशी माणसाचे खरे काम सुरू होते. नवखा मनुष्य प्रथम रंगानुसार वाटणी करतो आणि फसतो. रंगीबेरंगी ढिगात लाल तुकडा डोळ्यांना सहज दिसतो; पण लाल ढिगात हवा तो लाल तुकडा शोधताना नजर थकते. म्हणून अनुभवी माणसे आधी आकारानुसार निवडतात : विटा, पाट्या, उतरत्या कडांचे तुकडे, चाके व आस, आणि किरकोळ. एखाद्या वर्गातील तुकडा शोधण्यास फार वेळ लागू लागला, तरच त्याचे पोटवर्ग पाडावेत. फार बारीक वर्गवारी केली तर परत ठेवण्याचा कंटाळा येतो आणि सारे पुन्हा एका डब्यात जमते. मराठी स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा हेच तत्त्व पाळतो. रोज लागणारे पाच-सात जिन्नस हाताशी, उरलेले फडताळात. डबे उथळ असावेत आणि प्रत्येकाच्या दर्शनी बाजूस आतला एक तुकडा चिकटवावा. मग लेबल वाचण्याचीही गरज पडत नाही.

भिलाईचा उन्हाळा लक्षात घेता आणखी थोडी काळजी हवी. उन्हाने पांढऱ्या, करड्या व निळ्या विटा पिवळट पडतात. म्हणून डबे खिडकीपाशी ठेवू नयेत. धुण्यासाठी साधे कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. उकळत्या पाण्याने आकार बिघडतो आणि बिघडलेला आकार जोडाच्या कामाचा राहत नाही. पावसाळ्यात प्लास्टिकला धोका नसतो, पण लोखंडी पट्ट्या गंजतात आणि सूचनापुस्तिकांना वाळवी लागते. त्या वेगळ्या, कोरड्या जागी ठेवाव्यात.

हौशी माणूस पुढे विटांना आपले रूप देऊ लागतो. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे हवेत, दारात तुळशीवृंदावन हवे. तयार संचात ते नसते. मग रंग, मातीकाम, कापाकापी, त्रिमिती छपाई असे मार्ग सुचतात. तुकड्यास मुळीच हात लावू नये असे मानणारा एक पंथ आहे, तर सर्व काही चालते असे म्हणणारा दुसरा. या वादात एक व्यवहारी मर्यादा उपयोगी पडते. खुंट्या व नळ्या यांना रंग लावू नये, गोंद लावू नये, कानस लावू नये. बाकी पृष्ठभाग ज्याचा त्याचा. जोड शाबूत असेतो तुकडा इतरांच्या उपयोगी पडतो. गोंदाने चिकटवलेला किल्ला मात्र कायमचा किल्लाच राहतो.

जोडाचे हे माहात्म्य पैशांवर अवलंबून नाही. टेल्कोतील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या एवढ्यावर त्यांनी ‘काड्यांचे मेकॅनो’ उभे केले. पुढे पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली. तेथेही काड्या साध्या आणि सांधा महत्त्वाचा.

प्रौढ हौशी माणसाला सर्वांत अवघड जाते ते मोडणे. पूर्ण झालेली प्रतिकृती काचेच्या कपाटात ठेवावी, तिच्यावर धूळ बसू द्यावी, पण सोडवू नये असे त्याला वाटते. मूल मात्र सहज मोडते आणि पुन्हा रचते. बालोद्यानाचे जनक फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी मुलांना दिलेल्या ‘देणग्यां’त आठ लाकडी घनांची एक पेटी होती, खेळ संपला की घन पेटीत पूर्ववत रचून ठेवायचे, हा त्या खेळाचाच भाग होता. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांनी बिया, पाने, शिंपले यांतून शैक्षणिक साधने घडवली. साधन जागच्या जागी ठेवणे हा त्या परंपरेतील बालशिक्षणाचा पाठच आहे. पोलादाच्या भट्टीतही रसाबरोबर जुने भंगार पडते. तेथे मोडणे हा नव्या घडणीचा आरंभ असतो.

पोटमाळ्यावरच्या त्या खोक्याचे काय करावे, याचे उत्तर आता देता येईल. दूर गेलेल्या मुलाला विचारून त्याच्या आवडीचे चार तुकडे बाजूला काढावेत. बाकीचे धुऊन, आकारानुसार निवडून उथळ डब्यांत भरावेत. नातवंडे येत असतील तर ते डबे घरीच राहोत. येत नसतील तर शाळेच्या एका कपाटात पोहोचोत. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बारीक तुकडे पडणार नाहीत, एवढी दक्षता मात्र घ्यावी. हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांनी असे एक कपाट भरून दिले, तर तिसरी-चौथीची मुले त्यातून काय रचतील हे आज सांगता येणार नाही. तास संपल्यावर ते सारे मोडून त्यांनी डबे पुन्हा जागच्या जागी लावले, तर कपाट दुसऱ्या दिवशीच्या मुलांसाठीही तयार असेल.