एकतर्फी प्रेम



वसंत व्याख्यानमालेत सिनेमावर बोलावयाचे म्हटले की काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. लवळ्यात तरी ती पडू नये. येथल्या टेकडीवर सिंबायोसिसची माध्यमविद्या शिकविणारी संस्था आहे. उद्याचे दिग्दर्शक आपल्या डोक्यावरच बसून धडे गिरवीत असतील!

आजचा चित्रपट हिंदी आहे, ‘प्यार तूने क्या किया’, २००१ सालचा. दिग्दर्शक रजत मुखर्जी. पण त्यातल्या दोन्ही प्रमुख स्त्रिया आपल्या मराठी, ऊर्मिला मातोंडकर आणि सोनाली कुलकर्णी. एक छायाचित्रकार श्रीमंताघरच्या एका मुलीची छायाचित्रे टिपतो आणि ती त्याच्यावर जीव टाकते. तो विवाहित आहे हे तिला उशिरा कळते, आणि कळूनही तिचे मन मागे फिरत नाही. तिचा शेवट मनोरुग्णालयात होतो. ऊर्मिलाबाईंचे काम असे आहे की, त्या मुलीचा राग येण्याआधी तिची भीती वाटते आणि भीती ओसरण्याआधी कीव येते.

आता याच्या शेजारी यश चोप्रांचा १९९३ चा ‘डर’ ठेवा. दुखणे तेच, फक्त येथे झपाटलेला तरुण पुरुष आहे. नायक सनी देओल; पण थिएटरातून बाहेर पडताना लोकांच्या ओठांवर नाव होते ते शाहरुख खानचे. त्याने अडखळत घेतलेल्या ‘किरण’ या नावाची नक्कल गल्लोगल्ली होत होती. झपाटलेली बाई वेडी ठरते आणि झपाटलेला पुरुष प्रेमवीर, हा न्याय कुठला? मला वाटते, आपल्या पडद्यानेच तो शिकविला. नायकाने गाणे म्हणत पाठीमागे लागावे, तिने झिडकारावे आणि मध्यंतरापर्यंत विरघळावे, हे आपण किती वर्षे टाळ्या वाजवीत पाहिले! ‘डर’मधल्या राहुलने वेगळे काय केले? तो थांबला नाही, इतकेच.

आणि भाषेचे काय? मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला परीक्षेला बसलेल्या मुलीला जाळून मारले. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवले. आठवडाभराने ती गेली. अशा वेळी आपली वर्तमानपत्रे लिहितात, ‘एकतर्फी प्रेमातून’. यात प्रेम कोठे आहे हो?

फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरॅम्बो यांनी १९२१ साली एका विकाराचे वर्णन केले. समोरचे माणूस आपल्यावरच अनुरक्त आहे अशी रोग्याची खात्री असते, आणि नकारातही त्याला होकारच ऐकू येतो. पण पाठलाग करणारा प्रत्येक जण रोगी नसतो. पुष्कळांच्या कानांना ‘नाही’ या शब्दाची सवयच नसते. त्याला औषध नाही.

२०१३ पासून असा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण पहिल्या खेपेचा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे आज पकडलेला मुलगा उद्या पुन्हा त्याच बसथांब्यावर उभा असू शकतो. मुलगी हे जाणून असते, म्हणून ती पोलिसांकडे जात नाही. ती घरीही सांगत नाही. सांगितले तर कॉलेज कोणाचे बंद होईल, हे तिला पक्के ठाऊक असते.