कूलरमधली तीन पिल्ले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे करायचे ठरले तेव्हा कोणीतरी लोणच्याचा विषय सुचवला. परंतु लोणच्यावर माझ्याहून अधिकाराने बोलणाऱ्या निदान दहाजणी समोर बसल्या आहेत. तेव्हा मी खारींवर बोलणार आहे. हसू नका. त्यात मला माझी चूक सांगायची आहे, आणि ती तुमच्यापैकी कोणाच्याही हातून यंदाच्या उन्हाळ्यात होण्यासारखी आहे.

आपल्या वरणगावचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगावा! मार्च लागला की घरोघर कूलर झाडायला निघतात. तीन वर्षांपूर्वी आमचाही निघाला. जाळी उघडली तो आतल्या गवतात कापूस, सुतळीचे धागे आणि माझ्याच जुन्या लुगड्याची चिंधी यांची मऊ गादी, आणि तीत तीन पिल्ले! डोळे मिटलेले, अंगावर केस नावालाच, पाठीवर पट्टे मात्र पेन्सिलीने ओढल्यासारखे उमटू लागलेले. रामाने बोटे फिरवली म्हणून तीन पट्टे, असे मी नातवाला नेहमी सांगत आले. त्याने मोजले ते पाच भरले! आमच्या अंगणातली खार पाच पट्ट्यांची निघाली.

त्या वेळी करायचे एवढेच होते की जाळी पुन्हा लावायची आणि दूर व्हायचे. आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लू टाकीत नाही. हे मला मागाहून कळले. मी पिल्ले टोपलीत घालून आत आणली आणि दार लावले. दोन दिवस ती खार रिकाम्या कूलरवर बसून चिरकत होती, आणि मी आत दूध कोमट करीत होते. तो आवाज मी ऐकला नाही असे नाही. कावळ्यावर ओरडत असेल, अशी मनाची समजूत घातली.

पुढे जे शिकले ते सांगते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, मग दूध. दूध पाणी घातलेले शेळीचे, ड्रॉपरने थेंबथेंब, आणि पिल्लू पालथे धरून. उताणे धरले तर दूध फुफ्फुसात जाते. पाजल्यावर ओल्या कापसाने खालची बाजू हळूच पुसावी. आई चाटते तेव्हा पिल्लाला लघवी होते, एरवी तुंबते. अंथरायला जुन्या बनियनचे तुकडे घ्यावेत. टॉवेलच्या दोऱ्यांत नखे अडकतात. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडले तर त्यांना सरकता येते.

पण बाटलीपेक्षा मोठी ऊब त्यांची त्यांनाच असते. तिन्ही एकमेकांवर चढून अशी निजत की कोणते शेपूट कोणाचे ते कळू नये. भूक लागली की मात्र एकमेकांचे अंग चोखीत, कातडी लाल होई. मग पाजण्याच्या वेळा जवळ आणल्या, चोखणाऱ्याला घटकाभर वेगळे ठेवले, आणि पुन्हा सोबतच निजवले.

माझी नणंद फॅक्टरीच्या वसाहतीत राहते. तिची मुलगी आली आणि हट्टच धरून बसली, "मामी, तीन तुम्हाला कशाला?" डोळे नुकते उघडले होते. त्यांतले सर्वांत धीट पिल्लू मी तिला दिले. तिने त्याचे लाड आमच्याहून अधिक केले. ते तिच्या ओढणीत निजे, ताटाशी येऊन बसे. आमच्याकडची दोघे कोंबड्यांच्या जुन्या पिंजऱ्यात कडुनिंबाच्या फांद्यांवर दिवसभर कुस्त्या खेळत. कावळा दिसला की एक ओरडे, दुसरे फांदीला चिकटून दगड होई. हे त्यांना मी शिकवले नव्हते, आणि मला शिकवताही आले नसते.

पाच आठवड्यांनी भाची परीक्षेमुळे पिल्लू परत घेऊन आली. भावंडे भेटतील म्हणून आम्ही कौतुकाने ते पिंजऱ्यात सोडले. दोघांनी त्याला हुंगले, आणि कोपऱ्यात गाठून असे चावले की मला हात घालून ओढून काढावे लागले. पाच आठवड्यांत ते परके झाले होते. वेगळ्या पिंजऱ्यात ठेवले, तर ते जाळीला नाक लावून माणसाच्या पायांची वाट पाहत बसे.

महादेवी वर्मांची 'गिल्लू' ही हिंदी गोष्ट पुष्कळांनी शाळेत वाचली असेल. एकट्या पिल्लाचीच ती आठवण आहे. पण बाईंनी खिडकीच्या जाळीचा कोपरा मोकळा करून त्याला बाहेरची वाट दिली होती. शिवाय 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खार पाळता येत नाही, हेही मला तोवर कोणी सांगितले होते. आता पिल्लू सापडले तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर विचारावे, हे मी सर्वांना सांगते. आमची दोघेही तोवर खोक्यावरून भांडू लागली होती. मी दोन्ही पिंजऱ्यांची दारे उघडी ठेवली.

दोघे चार दिवस रात्रीपुरती आली, मग येईनाशी झाली. तिसरे कडुनिंबावर चढले खरे, पण पावलांचा आवाज आला की खाली उतरे. सहाव्या दिवशी शेजारचे मांजर आले, तेव्हाही ते उतरले.

भाचीला मी ते पळून गेले असे सांगितले. आज ती येथे बसली आहे. तिचा दोष नव्हता. देणारी मी होते.

यंदा फाल्गुनात कूलरची जाळी उघडली, तो आत पुन्हा कापूस! मी जाळी होती तशी लावली. एप्रिल सगळा पंख्यावर काढला. सूनबाई अजून मधूनमधून ऐकवतात.