ओटा, विळी आणि रंधा

(गटाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा काही भाग)



नव्या घरात मी सुतारकामाची जागा कशी उभी केली, ते सांगा असं मला सांगण्यात आलंय. पण घर कुठून आलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझे वडील सुतार. वारले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. अशा मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिलेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीसाठी मात्र महाराष्ट्रात १९९४ पर्यंत आणि देशभर २००५ पर्यंत थांबावं लागलं. तरी तेराव्यानंतर आम्हा बहिणींसमोर हक्कसोडपत्र आलंच, सोबत एकेक साडी. मी साडी घेतली नाही आणि सही केली नाही. दोन वर्षं बोलणं बंद होतं. शेवटी वाट्याचे पैसे मिळाले, त्यात माझी शिल्लक आणि कर्ज घालून हे तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर घेतलं, एकट्या माझ्या नावावर. बाईच्या नावावर घर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ते १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट आधी होती, ती २०२३ मध्ये काढली. सवलत मागून घ्या, दलाल आपणहून सांगेलच असं नाही.

वाटणीत मी आणखी एक गोष्ट मागितली, वडिलांची हत्यारांची पेटी. थोरला भाऊ हसला. तिघा भावांपैकी कुणालाही रंधा धरता येत नाही. खंडेनवमीला त्या हत्यारांना हळद-कुंकू लावायचं काम आईचं होतं. एरवी तिने त्यांना हात लावायचा नाही. मी लावायचे, कारण दगडावर पाणी घालायला वडिलांना कुणीतरी लागायचं.

आता जागेचं. सगळ्यांनी सुचवलं, बाल्कनीत मांड. मी बाहेरची खोली घेतली. तिला उत्तरेची खिडकी आहे, दिवसभर सारखा उजेड येतो, आखलेली रेघ स्पष्ट दिसते. सोफा कुठे ठेवणार, असं पाहुणे विचारतात. सोफा नाही.

कामाचं टेबल जुन्या वाड्याच्या सागवानी तुळईतून केलं. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड मुरलेलं असतं, फक्त खिळे नीट शोधून काढावे लागतात, नाहीतर करवतीचे दात जातात. टेबलाची उंची मात्र मी कुणाला ठरवू दिली नाही. सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचे, मनगटाची घडी येते तिथे वरची फळी. मी पाच फूट, माझं टेबल २९ इंच. स्वयंपाकाचा ओटा बहुतेक घरांत ३२ ते ३४ इंच असतो. आपल्यातल्या किती जणींना तो बांधताना उंची विचारली गेली? रंधा मारताना सगळा जोर पुढे जातो, हलकं टेबल सरकतं, म्हणून माझं भिंतीला बोल्टने पक्कं केलंय.

टेबल नसेल तरी अडत नाही. आपला सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करत आलाय. हे बसणं बाईला शोभत नाही असं मला ऐकवलं गेलं. विळीवर बसून नारळ खवताना आपण काय वेगळं करतो? पाय पाटावर, दोन्ही हात मोकळे. पिढ्यान्‌पिढ्यांची ही बैठक आपलीही आहे.

हत्यारं थोडीच लागतात. एक करवत, एक रंधा, पाव, अर्ध्या आणि एक इंचाची पटाशी, गुण्या, लाकडी मोगरी, दोन क्लॅम्प. मशीन मी घेतलं नाही. रंध्याच्या ढलप्या झाडून काढता येतात, मशीनची बारीक धूळ छातीत जाते, आणि वरच्या मजल्यावर बाळ आहे.

पैसे वाचवायचे तर कशावरही वाचवा, धारेच्या दगडावर नको. पातं आधी २५ अंशांवर घासायचं, मग टोकाला ३० अंशांवर. सपाट बाजूने बोट फिरवलं की कडेला बारीक खरखर लागते, तेव्हा धार आली. मग पातं उलटं, पूर्ण सपाट ठेवून ती खरखर काढायची. बायकांच्या हातात ताकद नाही म्हणणाऱ्यांनी बोथट पटाशी वापरलेली असते. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो, आणि हात निसटतो तो त्या जोरामुळेच. सागवानात वाळूसारखे कण असतात, धार लवकर जाते, तेव्हा दगड जवळ ठेवा. पावसाळ्यात काम संपलं की प्रत्येक पात्यावर तेलाचं बोट फिरवा.

पावसाळ्याचंच आणखी एक. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला खण जुलैत उघडत नाही. रुंदीला जरा जागा सोडा.

कर्जाचे हप्ते अजून नऊ वर्षं आहेत. शनिवारी दुपारी तीन ते सहा माझं दार उघडं असतं. चौघी येतात, एकीने मुलीसाठी अभ्यासाचं मेज केलंय. येताना केस बांधून या, ओढणी-पदर खोचून घ्या, आणि घरातला मोडका पाट किंवा डुगडुगणारं स्टूल असेल तर ते घेऊन या. पहिला दिवस धार लावण्यात जाईल.