करेक्ट, पण कोणत्या फॅक्टरीप्रमाणे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या मंडळींत एक शब्द सतत ऐकू येतो, 'फॅक्टरी करेक्ट'. गाडी ज्या दिवशी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली, त्या दिवशी होती अगदी तशी. तोच रंग, तेच कापड, त्याच जातीचे बोल्ट. अमेरिकेत याच्या मोठ्या स्पर्धा होतात. तिथल्या जुन्या मोटारींच्या राष्ट्रीय क्लबात प्रत्येक गाडीला आधी ४०० गुण धरतात आणि परीक्षक बॅटरी घेऊन गाडीखाली वाकून वाकून गुण कापत जातात. चुकीचा क्लॅम्प दिसला, कापला गुण. चुकीच्या जातीची वायर दिसली, कापला गुण.

मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये तीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांची कामे करतो. सध्या तीन वर्षांपासून एकच गाडी शेडमध्ये उभी आहे, १९५१ सालची डॉज किंग्सवे. जालन्याच्या एका डॉक्टरांनी ती नवी घेतली होती. त्यांचा नातू आता न्यू जर्सीत असतो. पैसे आणि सुटे भाग त्याचे, हात माझे. आमचे चांगले जमते, फक्त या 'करेक्ट' शब्दावर आमचे तीन वर्षांत किती वेळा वाजले असेल, मोजदाद नाही. त्याचा हट्ट, सगळे फॅक्टरीप्रमाणे पाहिजे. माझा प्रश्न एवढाच, की बाबा, कोणत्या फॅक्टरीप्रमाणे?

कारण ही गाडी अमेरिकन असली तरी अमेरिकेत जोडलेली नाही. ती कुर्ल्याची आहे.

आज फारसे कुणाच्या लक्षात नाही, पण मुंबईत अमेरिकन गाड्या जोडण्याचा उद्योग स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला आणि तिथून शेव्हरोले बाहेर पडू लागल्या. फोर्डही त्याच सुमारास आली. हे कारखाने परक्यांचे. आपल्या माणसाने मोटार कारखाना काढावा ही खटपट सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी केली. सर विश्वेश्वरय्यांनी तिसाच्या दशकात तशी योजना मांडली होतीच. सरकार दाद देईना, पण वालचंदांनी पिच्छा सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली, क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर आल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो या तिन्ही क्रायस्लरच्याच लेकी. पुढे त्याच कारखान्यात फियाट आली आणि आपल्या डोळ्यांसमोरची 'प्रीमियर पद्मिनी' झाली. त्यामुळे कुर्ला म्हटले की लोकांना फियाटच आठवते, डॉज कुणाला आठवत नाही.

आता गाडी जोडायची म्हणजे काय, हे आपल्या शहरात तरी समजावून सांगायला नको. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या अशाच जोडल्या गेल्या. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथली पोरे त्यांची गाडी करायची. पुढे त्याच आवारात ऑडीही जोडली जाऊ लागली. (२०१० साली आपल्या शहराने एका दमात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर नाव झाले, पण मला विचाराल तर गाड्या विकत घेण्यापेक्षा जोडण्याचे कौतुक अधिक.) शेंद्र्यात जोडलेल्या ऑक्टेव्हियाला कुणी 'खरी ऑक्टेव्हिया नव्हे' असे म्हणाले का? मग कुर्ल्याच्या डॉजला तो न्याय का नको?

गंमत अशी, की किंग्सवे ही मुळातच सरळ गाडी नाही. अंग प्लिमथचे आणि तोंड डॉजचे. क्रायस्लरने हे नाव मुख्यतः परदेशी पाठवायच्या गाड्यांसाठी वापरले. शिवाय या गाड्यांचे सहा सिलिंडरचे इंजिन दोन ठिकाणी बनायचे, डेट्रॉइटला आणि पलीकडे कॅनडात. दिसायला दोन्ही सारखी, पण कॅनडाचा ब्लॉक दोन इंच लांब. अमेरिकेचे हेड साधारण तेवीस इंच, कॅनडाचे पंचवीस. गॅस्केट मागवायच्या आधी टेप लावून मोजायचे, हा पहिला धडा. आम्ही मोजले, तेवीस भरले, आणि मगच न्यू जर्सीला कळवले. म्हणजे बघा, 'मूळ इंजिन' या दोन शब्दांतच दोन कारखाने आधीच बसलेले आहेत. तिसरा कुर्ला.

हे इंजिन मोठे गुणी. याला फ्लॅटहेड म्हणतात. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे हेड म्हणजे नुसते जाड झाकण. ३.६ लिटरचे हे धूड ना फार पळते, ना फार तक्रार करते. पण पेट्रोल पिते. लिटरला सहा-सात किलोमीटर. १९७३ नंतर पेट्रोल भडकले आणि या गाड्यांच्या मालकांच्या पोटात गोळा आला. ज्यांना जमले त्यांनी गाड्या विकल्या, बाकीच्यांनी डिझेल इंजिन बसवून घेतले. आमच्या डॉक्टरांनी मॅटाडोरचे बसवले. मूळ इंजिन गोठ्यात पोत्याखाली गेले ते चाळीस वर्षे तिथेच होते. नातू या डिझेलला 'अत्याचार' म्हणतो. मी म्हणत नाही. ते बसवले नसते तर १९८० च्या आतच ही गाडी भंगारात तुटली असती आणि आज करेक्ट करायला काहीच उरले नसते.

तरी डिझेल काढावे लागले, आणि त्याला कारण कायद्याचे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, मग नूतनीकरणाला पाच हजार. अट मात्र कडक आहे. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण आपल्याकडच्या किती जुन्या अमेरिकन गाड्यांत मूळ इंजिन उरले असेल, याचा विचार तो करताना कुणी केला होता की नाही, कोण जाणे.

म्हणून पोती उचलली. ब्लॉकला तडा नव्हता, हे नशीब. पिस्टन अडकलेले होते. डिझेल आणि तेल मिसळून सिलिंडरमध्ये ओतले, पंधरा दिवस तसेच राहू दिले, मग लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू सोडवले. रिंगा, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट तिकडून आले. क्रायस्लरने हे इंजिन ट्रकमध्ये आणि कारखान्यांच्या यंत्रांमध्येही वर्षानुवर्षे वापरले, त्यामुळे त्याचे सामान अजून मिळते. इथपर्यंत आमचे दोघांचे एकमत होते.

विजेच्या कामातही एकमत झाले. ही गाडी सहा व्होल्टची, आणि तिचा प्लस बॉडीला जोडलेला, म्हणजे आजच्या गाडीच्या बरोबर उलटा. मधल्या काळात कुणीतरी ती बारा व्होल्टची केली होती. आम्ही परत सहावर आणली. सहा व्होल्टला तेवढीच ताकद हवी तर करंट दुप्पट लागतो, म्हणून स्टार्टरची केबल अंगठ्याएवढी जाड पाहिजे. इथे बारीक केबल टाकून 'सहा व्होल्टमध्ये दमच नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. दम केबलमध्ये नसतो.

आणखी एक सांगतो, कारण कुणाकडे अशी गाडी असेल तर उपयोगी पडेल. या क्रायस्लर गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. डोक्यावर 'एल' हे इंग्रजी अक्षर कोरलेले असते, पण रंगाच्या थरांखाली ते दिसत नाही. एका टायरवाल्याकडे पोरगा पान्याला चार फुटी पाइप लावून त्यावर उभा राहिला. बोल्ट सुटला नाही, मुंडी तुटली. तो बिचारा घट्ट करत होता.

आमचे खरे वाजले ते छतावरून. गाडीच्या आत वरच्या बाजूला कापड ताणून बसवलेले असते. नातवाने तिकडच्या पुस्तकात बघून लोकरी कापडाचा अख्खा तागा पाठवला. किंमत सांगत नाही, माझ्या घरच्यांनी ऐकली तर शेड बंद होईल. मी जुने छत उतरवले. वरचा रेक्झिनचा थर अलीकडचा. त्याखाली साधे राखाडी सुती कापड, जीर्ण झालेले. हे कापड बारीक चुका मारून एका पट्टीवर ठोकलेले असते. मी पट्टीवरची भोके मोजली. ज्या कापडाला दोनदा ठोकले त्याच्या भोकांच्या दोन रांगा पडतात, तीनदा ठोकले की तीन. इथे दोनच रांगा होत्या, एक रेक्झिनची आणि एक या सुती कापडाची. म्हणजे त्याच्याआधी या पट्टीला काही लागलेच नव्हते. ही गाडी कुर्ल्यातून निघाली ती सुती छत घेऊनच.

रात्री फोनवर त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "काका, पण पुस्तकात लोकरी लिहिलंय."

मी म्हटले, "पुस्तक डेट्रॉइटचं आहे रे. भोकं कुर्ल्याची आहेत."

"इथले परीक्षक गुण कापतील."

"गाडी तिकडे नेणार आहेस का?"

"नाही. आईला तीत बसून जालन्याच्या घरी जायचंय."

"मग परीक्षक आईच."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "रंगाचं काय?"

रंगाची गोष्ट तशीच होती. डिकीच्या बिजागरीखाली ऊन पोहोचत नाही, तिथला पहिला रंग जसाच्या तसा राहतो. तिथे फिकट हिरवा निघाला. त्या वर्षीच्या अमेरिकन रंगपत्रकातल्या एकाही हिरव्याशी तो जुळेना. जुळावा तरी का? गाडी रंगवली कुर्ल्यात. टायर त्या काळात शिवडीला बनत होते, तसा रंगही इथला. मी बिजागरीच काढून रंग मिसळणाऱ्याच्या काउंटरवर ठेवली आणि त्याने डोळ्यांनी जुळवून दिला. यंत्राने तीनदा चुकवला होता.

काही बाबतीत मी त्याचे ऐकले. दारांची हँडले मझाकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रणाची. मझाकला एकदा आतून फोड आले की त्यावर क्रोम धरत नाही. ती त्याने पाठवलेलीच बसवली, आणि चांगली आहेत. ब्रेकच्या बाबतीत तर जुन्याचा हट्ट धरणे हा मूर्खपणा. एका गोष्टीवर मात्र मी अडून राहिलो. गिअरच्या दांडीतला एक बुश मूळचा नाही, कुण्या मिस्त्रीने पितळेचा कातून बसवला आहे. त्याच्या कडेवरच्या टूलच्या खुणा पाहिल्या तर कळते, माणूस हुशार होता. अमेरिकेचा नवा बुश पाकिटात पडून आहे. पितळेचा जागेवर आहे.

आपल्याकडे वेरूळ-अजिंठा असताना मला हे सगळे लोकांना वेगळे सांगावे लागते, याचे नवल वाटते. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रांचे सुटणारे पापुद्रे पक्के केले, ते काम मोलाचे. पण वरून लाखेचे रोगण दिले. तेव्हा चित्रे उजळली. पुढे रोगण पिवळे पडले, त्यावर धूळ बसली आणि खालचे रंग झाकले गेले. ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षे गेली. मोटारीची आणि अजिंठ्याची बरोबरी मी करत नाही, तेवढी अक्कल आहे. पण रोगणाचा डबा हातात आला की मला ते आठवते.

सध्या इंजिन चालू आहे. सकाळी थंडीत चोक ओढून सुरू केले की शेजारचे मुले घेऊन बघायला येतात. सुती छत बसले. लोकरीचा तागा कपाटात आहे, त्याचा कोट शिवावा असा सल्ला घरून मिळाला आहे. नोंदणीपुस्तकात अजून डिझेलच्या इंजिनाचा नंबर आहे, तो बदलून ब्लॉकवर कोरलेला मूळ नंबर चढवायचा अर्ज आरटीओत दिला आहे. दिवाळीत नातू येतोय. त्याच्या आधी मागचे उजवे दार नीट लागले पाहिजे, ते अजून अर्धा इंच वर बसते आहे.