गाडीतलं माणूस ऐकत असतं

(शतक महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या प्रवचनानंतर केलेलं भाषण. बोललं गेलं तसंच ठेवलं आहे.)



आम्हाला गावात बोलावणं येतं ते बहुतेक रात्री-अपरात्री, आणि आम्ही पोचतो तेव्हा अंगणातल्या माणसांची तोंडं उतरलेली असतात. नारळ हातात देऊन दिवसाढवळ्या बोलावलंत, हे पहिल्यांदाच. आम्ही म्हणजे १०८ च्या गाडीतली दोन माणसं, एक डॉक्टर आणि एक चालक. चालकाला आमच्यात पायलट म्हणतात. आत्ता बोलतोय एक, पण चुकलो दोघं आणि शिकलोही दोघं, तेव्हा 'आम्ही' असंच म्हणू.

बुवांनी विषयसुद्धा ठरवून दिला. म्हणाले, "औषधाचं नको, ते शिबिरात सांगा. आजारी माणसाशी कसं वागता ते सांगा." विषय सोपा वाटला म्हणून हो म्हटलं. मग रात्री आठवायला बसलो, तेव्हा कळलं की यातलं निम्मं आम्हाला पेशंटांनीच शिकवलंय, आणि तेही आमची चूक दाखवून.

आधी गाडीबद्दल दोन शब्द. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्या घेऊन सुरू झाली. फोन पुण्याच्या कक्षात लागतो, तिथून जवळच्या गाडीला निरोप येतो. पैसे लागत नाहीत. मालगुंडातून पेशंट रत्नागिरीला न्यायचा तर आरे-वारेच्या रस्त्याने साधारण तीस किलोमीटर. चढ, उतार, वळणं. पावसात विचारूच नका. तेवढा वेळ ते माणूस आडवं असतं, वर गाडीचं छप्पर दिसतं आणि शेजारी दोन अनोळखी माणसं. आपली दिंडी पहिल्यांदा निघाली त्या काळी आजाऱ्याला डोलीतून नेत. जुनी माणसं सांगतात, डोलीचे चौघे वाटभर त्याच्याशी बोलत जायचे. नदी आली, चढ लागला, आता देऊळ दिसलं, असं. गाडी आली आणि ते बोलणं कुठेतरी मागे राहिलं.

एका पहाटे आम्ही एका आजींना न्यायला गेलो. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा, बोलणं बंद. अर्धांगाचा झटका. त्यात वेळेला फार किंमत असते. रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि इथे आजी झोपेतून उठल्या त्या तशाच. झटका कधी आला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडीत मुलाने विचारलं, "काय वाटतं?" आम्ही आजींच्या अंगावरूनच त्याला उत्तर दिलं. म्हटलं, "आता काही उपयोग नाही. रत्नागिरीपर्यंत पोचल्या तरी पुष्कळ." आजी डोळे मिटून होत्या, आम्हाला वाटलं शुद्ध नाही.

आठ महिन्यांनी हरिनाम सप्ताहात एक म्हातारी काठी टेकत आमच्यापाशी आली. बोलणं थोडं जड, पण कळत होतं. म्हणाली, "डॉक्टर, तुमी बोललात ता मना सगला ऐकू येत व्हता." आमच्या हातातला प्रसाद तसाच राहिला. झटक्यात बोलणं जातं तेव्हा समज शाबूत असू शकते, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मग त्या पायलटकडे वळल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी तो प्रत्येक वळणाला मागे ओरडून सांगत होता, "आजी, वळण आहे हां. आजी, आता उतार." त्याला ती सवयच होती, त्यात काही ठरवलेलं नव्हतं. आजी म्हणाल्या, तेवढा आवाज धरून मी पडून होते.

तेव्हापासून गाडीत बोलायचं ते पेशंट जागा आहे असं धरून. बेशुद्ध असला तरी. सुई टोचण्याआधी सांगायचं, मास्क लावण्याआधी सांगायचं. नातेवाइकांना काही कठीण सांगायचं असेल तर गाडीत बसण्याआधी, बाजूला घेऊन. आणि वळणं आता दोघंही सांगतो.

दुसरी गोष्ट अंगावरच्या कपड्यांची. बायका पुढे बसल्यात म्हणून जरा संकोच वाटतो, पण सांगायला हवं. बाळंतीण न्यायला जातो तेव्हा दारात पंधरा-वीस माणसं असतात, त्यात निम्मे पुरुष. स्ट्रेचर बाहेर आलं की सगळे वाकून बघतात. वाईट हेतूने नाही, काळजीनेच. पण त्या पोरीला ते कसं वाटत असेल? आम्ही आधी चादर मागतो. दोन चादरी. एक अंगावर, एक दोन बायकांनी आडोशाला धरायची. छाती तपासायची, पट्ट्या लावायच्या तर विचारतो, "ताई, हात लावतोय, चालेल ना?" कुणाला वाटतं, जीव जायची वेळ आणि हा परवानगी काय मागतोय. अहो, विचारायला दोन सेकंद लागतात. अपघातात कपडे कापावे लागतात, तेव्हाही सांगून कापतो. मंगळसूत्र, बांगड्या, पाकीट जे काढू ते दोघांसमोर मोजून घरच्यांच्या हाती द्यायचं आणि कागदावर लिहायचं. सुरुवातीला आम्ही हे लिहीत नव्हतो. एकदा एक कानातलं सापडेना. ते शेवटी चादरीच्या घडीत सापडलं, पण मधल्या दोन दिवसांत आम्ही कुणाच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

आता समुद्राचं. गणपतीपुळ्याला बाहेरून माणसं येतात, समुद्र शांत दिसतो, पोरं आत जातात. ओढ कुठे आहे ते आपल्या लोकांना ठाऊक, त्यांना नाही. एकदा आम्ही वाळूत गुडघ्यावर बसून एका पोराच्या छातीवर दाब देत होतो. भोवती गर्दी, आणि गर्दीत हात वर केलेले मोबाईल. आमच्यातल्या कुणी फोटो काढला नाही, पण आम्ही कुणाला अडवलंही नाही. लक्ष कामात होतं, असं आम्ही स्वतःला सांगत आलो. पोरगा वाचला नाही. संध्याकाळी त्याचे वडील आले तेव्हा कळलं, पोलिसांचा फोन लागायच्या आधी त्यांना तो फोटो कुणाच्या तरी ग्रुपवरून आला होता. पोराच्या शर्टावरून त्यांनी ओळखलं.

यावर आम्ही काय करणार? मोबाईल हिसकावून घ्यायचा अधिकार आम्हाला नाही. पण आता पहिलं वाक्य बदललंय. गर्दीत गेलो की तिघा-चौघांना बोट दाखवून सांगतो, तुम्ही पाठ करून उभे राहा, तुम्ही चादर धरा, तुम्ही रस्ता मोकळा करा. काम दिलं की माणूस मोबाईल खिशात घालतो. दिंडीत चोपदाराने चोप वर केला की टाळ थांबतात ना? तसं कुणीतरी एक माणूस लागतं. ते दरवेळी आमच्यापैकीच असायला पाहिजे असं नाही. आणि मदत केली तर पोलिसात अडकू ही भीती ठेवू नका. १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आधी जीव वाचवायचा, कागद आणि पोलीस नंतर. २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती तुमच्यावर नाही.

आता जे सांगायचं ते सगळ्यात अवघड. एका वाडीत साप चावलेल्या बाईला न्यायला गेलो. घरच्यांनी तिला आधी विष उतरवणाऱ्याकडे नेऊन तीन तास घालवले होते. आमचं डोकं फिरलं. अंगणात, सगळ्या वाडीसमोर, तिच्या नवऱ्याला आम्ही बोललो. अडाणी म्हणालो, आणखी पण काय काय. बाई वाचली, तेव्हा आम्हाला वाटलं, आपण बोललो ते बरं केलं, चार लोकांना अक्कल आली.

पुढच्या पावसात, लावणीच्या दिवसांत, त्याच वाडीतून पुन्हा फोन. एका तरुणाला फुरसं चावलं होतं, पायाला. विचारलं, कधी? चार माणसं एकदम म्हणाली, "आत्ताच. अर्धा तास झाला असेल." आम्ही कागदावर अर्धा तास लिहिलं आणि त्या हिशोबाने निघालो. वाटेत त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रुग्णालयात काचेच्या नळीत वीस मिनिटं रक्त ठेवून बघतात, ते गोठलंच नाही. तेव्हा त्याच्या काकाने सांगितलं, सकाळी सातला चावलं होतं. पाच तास झाले होते. पाच तास हे आधी कळलं असतं तर आम्ही पहिल्यांदा हिरड्या बघितल्या असत्या, लघवीचा रंग विचारला असता, पुढे फोन करून सापाच्या विषावरचं इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं असतं. पोरगा वाचला, पण अकरा दिवस पडून होता, आणि त्यातले पहिले दोन फार वाईट गेले. काकाला विचारलं, खोटं का सांगितलंत? तो म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर तुम्ही परत ओरडला असतात."

त्याचं काही चुकलं नव्हतं, मंडळी. आदल्या वर्षी ओरडून आम्हीच त्याला ते शिकवलं होतं.

हे आजचंच आहे असंही नाही. आपल्या मालगुंडचे कवी केशवसुत. त्यांचं स्मारक इथेच आहे, शाळेच्या सहलीला सगळ्यांनी पाहिलंय. ते १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. त्याच्या आठ वर्षं आधी, १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरायचे, बायाबापड्यांना तपासायचे, सामान बाहेर टाकायचे. रोग शोधणं हे काम खरंच गरजेचं होतं. पण वागणं असं, की लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. रँडवर जूनमध्ये गोळी झाडली गेली, ते चापेकर बंधूंचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. लपवलेल्या आजाऱ्यांचं काय झालं, ते कुणी फारसं सांगत नाही.

आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याचा दवाखाना शहराबाहेर हडपसरजवळ होता. प्लेग झालेल्या एका पोराला सावित्रीबाईंनी मुंढव्याहून पाठीवर घेऊन तिथे आणलं. पासष्टी ओलांडलेली बाई. मग त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आमच्याकडे स्ट्रेचर आहे, ऑक्सिजन आहे, हातमोजे आहेत. त्यांच्याकडे यातलं काही नव्हतं, पण त्या पोराच्या घरच्यांनी त्याला लपवलं नाही, त्यांच्या पाठीवर दिलं. आम्ही दोघं गाडीत बसून यावर पुष्कळदा बोललोय.

कोकणातलं उदाहरण हवं असेल तर महाडकडचे डॉ. हिंमतराव बावसकर. विंचू चावलेल्या पेशंटच्या खाटेशेजारी रात्र रात्र बसून, नाडी, दाब, घाम, सगळं लिहून ठेवून त्यांनी शोधलं की प्रॅझोसिन नावाच्या साध्या गोळीने ही माणसं वाचतात. आधी विंचवाने कितीतरी पोरं जायची. खाटेशेजारी बसायचं म्हटलं तर घरच्यांनी आधी बसू दिलं पाहिजे.

म्हणून आता साप चावल्याचा फोन आला की आम्ही पहिल्यांदा म्हणतो, "कुठे कुठे जाऊन आलात ते सांगा, आम्ही काही बोलणार नाही." आणि खरोखर बोलत नाही. जीभ चावून गप्प बसतो. काय चुकलं ते पेशंट घरी परत आल्यावर, चहा पिताना सांगतो. चहा घेतो आम्ही. पैसे घेत नाही. कुणी खिशात कोंबले तर परत देतो, कारण पैसे घेतले असं एकदा पसरलं की ज्याच्याकडे नाहीत तो फोनच करणार नाही.

कधी गाडीतच माणूस जातं. तेव्हा काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पूर्वी आम्ही नुसतं घड्याळ बघून वेळ लिहायचो. आता रुग्णालयाच्या दारात गाडी उभी राहिल्यावर डोळे मिटवतो, चादर नीट करतो, आणि बरोबर आलेल्या माणसाला नावाने हाक मारून, हात धरून, सरळ शब्दांत सांगतो. 'सिरियस आहे' असं म्हणून वेळ काढत नाही. तेव्हा कुणी आमच्यावर हात उगारला आहे, कुणी गळ्यात पडून रडलं आहे. हात उगारणाऱ्याचा राग मनात राहतो, खोटं कशाला बोला. पण त्या राग धरलेल्या घरी पुन्हा बोलावणं आलं तर जावं लागतं, आणि पायरी चढताना तो राग खाली ठेवावा लागतो. दरवेळी जमतंच असं नाही.

वारीत एकमेकांच्या पाया पडताना तुम्ही वय विचारत नाही, जात विचारत नाही, समोरचा माउली. यंदा माघात आंबा घाट चढून दिंडी वर आली तेव्हा पायाला फोड आलेले एक बाबा आमच्या गाडीपाशी बसले. पायलटने त्यांचे पाय धुतले, मलम लावलं. बाबा उठले आणि उलट त्याच्याच पाया पडले. पायलट गाडीमागे जाऊन बराच वेळ उभा होता. काय झालं विचारलं, तर म्हणाला, धूळ गेली डोळ्यात.

बरं, बुवा घड्याळ बघतायत. उद्या सकाळी नऊपासून गाडी आरोग्य केंद्राच्या आवारात उभी ठेवणार आहोत. आत येऊन बघा. स्ट्रेचरवर आडवं पडून बघा, बरोबरच्या माणसाने कुठे बसायचं ते बघा, ऑक्सिजनचा मास्क तोंडाला लावून बघा. आयाबायांनी आवर्जून यावं, मुलांनाही आणावं. सायरन मात्र वाजवायला देणार नाही. रामकृष्णहरी.