इंग्लंडचे खेडे : कारागीर आणि शेतमजूर



व्हिक्टोरिया राणीच्या काळातले इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मँचेस्टरच्या गिरण्या उभ्या राहतात. आज मी तुम्हांला तिथल्या एका खेड्यात नेणार आहे. वॉरिकशायर परगण्यातले हे बारफर्ड गाव. राणी १८३७ साली गादीवर आली, त्याच्या तीन-चार वर्षे आधीची गोष्ट. जोसेफ आर्च नावाचा सात वर्षांचा पोरगा चर्चच्या बंद दाराशी कुलपाच्या भोकाला डोळा लावून उभा होता. आत प्रभुभोजनाचा विधी चालला होता. आधी जमीनदार पुढे गेला. त्याच्यामागून शेतकरी, मग दुकानदार, सुतार, लोहार. आणि सर्वांच्या शेवटी शेतमजूर. आर्चचा बाप मजूरच होता. ते दृश्य पोरगा जन्मभर विसरला नाही.

सारे गाव त्या एका रांगेत आले. तिकडचा शेतकरी म्हणजे जमीनदाराची मोठी जमीन खंडाने घेऊन ती मजुरांकरवी कसणारा माणूस. सुतार गाडीची चाके करी. तुंब्याला एल्म, आऱ्यांना ओक आणि घेराला अ‍ॅश, असे प्रत्येक भागाचे लाकूड ठरलेले असे. मग लोहार लोखंडी धाव लालबुंद तापवून चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. धाव आवळली की चाक वज्रासारखे होई. बैलगाडीची धाव चढताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.

पण रांगेत लोहार मजुराच्या पुढे का? घाम तर दोघांचाही सारखाच गळत होता! कारण असे की लोहाराची हत्यारे त्याची स्वतःची होती आणि गिऱ्हाइके अनेक होती. एक रुसला तर दुसरा येई. मजुराला मात्र धनी एकच. पुष्कळ ठिकाणी राहते घरसुद्धा धन्याचे किंवा जमीनदाराचे. काम गेले की छप्पर गेले. कापणीनंतर बायकापोरे रानात सरवा वेचीत, तेव्हा कुठे घरात पीठ येई. नवव्या वर्षी आर्च पाखरे राखायला उभा राहिला. बारा तासांची मजुरी चार पेनी.

पुढे आर्च जिवंत कुंपण घालायला शिकला. झुडपाचे खोड बुंध्याशी अर्धवट तोडायचे, आडवे वाकवायचे, खुंटांत गुंफायचे. वसंतात त्याला नवे फुटवे येतात. या कसबावर तो गावोगाव उक्ती कामे घेऊ लागला. शिवाय त्याची झोपडी घरच्या मालकीची होती. म्हणजे त्याचे तोंड बंद करण्याचे दोन्ही उपाय धन्यांच्या हातून निसटले होते.

म्हणूनच ७ फेब्रुवारी १८७२ रोजी शेजारच्या वेल्सबर्नचे मजूर त्याला बोलवायला आले. तीस-चाळीस माणसे जमतील असे त्याला वाटले होते. जमली हजारावर! चेस्टनटच्या झाडाखाली, काठ्यांना टांगलेल्या कंदिलांच्या उजेडात, डुक्कर मारण्याच्या घडवंचीवर उभा राहून तो बोलला. मजुरी तेव्हा आठवड्याला बारा शिलिंगांच्या आसपास होती. मागणी झाली सोळांची. २९ मे रोजी लेमिंग्टनला शेतमजुरांची राष्ट्रीय युनियन स्थापन झाली आणि १८७४ पर्यंत तिचे सभासद ८६,००० च्या घरात गेले.

भगिनींनो, यात बायका मागे नव्हत्या. १८७३ साली ऑक्सफर्डशायरमधील अ‍ॅस्कट गावी संप झाला. शेतकऱ्याने बाहेरचे मजूर आणले, तेव्हा गावच्या बायका त्यांना अडवायला गेल्या. सोळा जणींना सक्तमजुरीची शिक्षा झाली. कोणाला सात दिवस, कोणाला दहा. काहींच्या कडेवर तान्ही मुले होती. शिक्षा देणारे दोन्ही मॅजिस्ट्रेट धर्मोपदेशक होते!

१८७४ साली पूर्वेकडच्या परगण्यांत शेतकऱ्यांनी युनियनच्या मजुरांना कामबंदी केली. महिनोन्महिने मदत देऊन युनियनची थैली रिकामी झाली आणि मजूर हरले. पुढे सभासद गळत गेले. १८९६ पर्यंत युनियनही संपली. मग सारे फुकट गेले काय? नाही. १८८४ च्या कायद्याने खेड्यातल्या मजुरांपैकी बहुतेक पुरुषांना मत मिळाले आणि १८८५ साली तोच पाखरे राखणारा पोरगा पार्लमेंटात जाऊन बसला.

मजूर संघटनेत आयुष्य घालवल्यावर मला या कथेतली एक गोष्ट विशेष बोचते. कसबी कामगार पुष्कळदा म्हणतो, “माझे पोट माझ्या हातावर आहे, मला संघटना कशाला?” बारफर्डच्या त्या कुंपणवाल्यालाही असे म्हणता आले असते. त्याचे बरे चालले होते. पण हातातल्या कसबाने मिळालेले स्वातंत्र्य त्याने रांगेत स्वतः पुढे सरकण्यासाठी वापरले नाही. शेवटी उभ्या असलेल्यांसाठी वापरले. ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे, त्याने आधी बोलले पाहिजे; कारण ज्याला ते नाही, त्याला बोलण्याची किंमत फार पडते.