तुरीचा वांझ रोग



कार्तिकात तूर फुलावर येते, तेव्हा पिवळ्या शेतात मधेच काही झाडं गर्द हिरवी, झुडपासारखी पसरलेली दिसतात. बांधावरून वाटतं, काय जोम धरलाय! जवळ जाऊन बघावं तर फूल नाही, शेंग नाही. पानं बारीक आणि त्यांवर फिकट-गर्द हिरवे चट्टे. हाच तुरीचा वांझ रोग.

बिहारमधल्या पुसा इथून १९३१ साली या रोगाची नोंद झाली. हे काम विषाणूचं असावं, हा संशय जुनाच. पण तो विषाणू हाती लागायला २००० साल उजाडलं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि स्कॉटलंडमधले शास्त्रज्ञ यांनी मिळून तो शोधला.

त्याला झाडोझाड नेतो एक कोळी. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसायचाच नाही. तो वाऱ्याबरोबर येतो. बियाण्यातून हा रोग येत नाही, तेव्हा बियाण्यातला हा रोग मारतं म्हणून कुणी बीजप्रक्रियेचं औषध गळ्यात मारत असेल, तर पैसे वाचवा.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आणखी एक गोष्ट उघड झाली. विषाणू एक नसून दोन आहेत, आणि पुष्कळदा एकाच झाडात दोघंही मुक्कामाला असतात. त्यांचं जनुकीय द्रव्य सलग धाग्यात नसतं, पाच-सहा सुट्या तुकड्यांत असतं. लग्नघरी दोन घरची भांडी मिसळून जावीत, तशी या तुकड्यांची अदलाबदल होते. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या नमुन्यांत तिच्या खुणा सापडल्या आहेत.

शेतकऱ्याला याचं काय? विषाणू सगळीकडे सारखा नसतो. पाटणचेरूला रोगापुढे टिकलेली तूर बंगळूरकडे बळी पडते, कारण तिथला विषाणू जास्त जहाल आहे. आपल्या मराठवाड्यात बदनापूरच्या संशोधन केंद्रानं बीएसएमआर ७३६ आणि ८५३ हे वाण दिले. त्यांच्या नावातच 'वांझ रोगाला प्रतिकारक' ही खूण आहे. वाण उत्तमच. पण कुठल्याही पिशवीवरचं 'रोगप्रतिकारक' हे लेबल मला अर्धवट वाटतं. कुठल्या भागातल्या रोगापुढे हा वाण तपासला, हे दुकानदाराला आणि कृषी सहायकाला जरूर विचारा.

रोग लवकर लागला तर त्या झाडाचं उत्पन्न जवळजवळ संपूर्ण जातं. म्हणून पेरणीनंतर पहिल्या दीड महिन्यात दर आठवड्याला शेतातून फेरी मारा आणि रोगट रोप दिसताच उपटून नष्ट करा. बांधावरची, परसातली जुनी तूर आणि खोडवा हे कोळ्याचं उन्हाळी बिऱ्हाड असतं. ते मृगाच्या आधी काढून टाका आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही काढायला लावा.